आकाश कोणाचें?

शब्द हा आकाशाचा विशेष गुण होय, असें आपले नैयायिक मानीत. पृथ्वीचा गंध, उदकाचा रस, तेजाचें रूप, वायूचा स्पर्श, तसा आकाशाचा शब्द, अशी त्यांची वांटणी होती. आजचा पदार्थविज्ञानी या वर्गीकरणाकडे फार तर कौतुकानें पाहील. पण त्यांतून सहज निघणारी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पृथ्वीला कुंपण घालतां येतें, उदकाला बांध घालतां येतो, आणि मनुष्यानें फार प्राचीन काळापासून तसें केलें आहे. आकाशाला मात्र कोणी कुंपण घालील, आणि त्या कुंपणाच्या दारांत उभा राहून शब्दाला परवाना विचारील, ही कल्पना त्या काळीं कोणाच्या मनांत आली नसेल. बिनतारी विद्येचा शोध लागून सव्वाशें वर्षें झालीं, आणि आज ती कल्पना जगांतील बहुतेक सर्व देशांच्या कायद्यांत स्थिर होऊन बसली आहे.

हा प्रश्न मोठमोठ्या नभोवाणीकेंद्रांच्या संबंधानें निघाला म्हणजे तो व्यापाराचा किंवा राजकारणाचा आहे असें समजून आपण सोडून देतों. म्हणून त्याचें अगदीं लहान रूप येथें मुद्दाम घेतों. एफ्. एम्. पद्धतीचा एक लहानसा प्रक्षेपक आहे. त्याची शक्ति पन्नास किंवा शंभर वॉट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एखाद्या विजेच्या दिव्याला लागते तेवढी. घराच्या छपराहून कांहींसा उंच असा एक खांब आहे, आणि एका खोलींत बोलण्यास बसलेलीं दोनचार माणसें आहेत. त्यांचा आवाज चारसहा मैलांच्या टापूंत ऐकूं जातो. मध्यें टेंकडी आली तर तेवढाहि जात नाहीं. थोडक्यांत, एका आळीनें दुसऱ्या आळीशीं, एका गांवानें शेजारच्या गांवाशीं बोलावें, इतकीच या साधनाची धांव. तरीहि परवान्यावांचून असें बोलणें हा बहुतेक देशांत गुन्हा आहे. तो गुन्हा कां असावा, आणि परवाना द्यावयाचा तर कोणत्या अटींवर द्यावा, हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे असें मला वाटतें. कारण पारावर बसून बोलण्यास परवाना लागत नाहीं. तोच पार जरा रुंद झाला तर कोणत्या क्षणीं राज्यसत्तेला मध्यें पडण्याचा अधिकार प्राप्त होतो?

या प्रश्नाचें एक उत्तर सृष्टिनियमांतच आहे, आणि तें टाळून स्वातंत्र्याच्या गोष्टी बोलणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कागद कितीहि लोकांनीं छापला तरी एकाचा कागद दुसऱ्याचीं अक्षरें पुसीत नाहीं. लहरींचें तसें नाहीं. एफ्. एम्. पद्धतीसाठीं बहुतेक देशांत ८८ पासून १०८ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा राखून ठेविलेला आहे, आणि त्यांत एका टापूंत मावतील तितकींच केंद्रें मावतात. शिवाय या पद्धतीचा एक चमत्कारिक गुण आहे. एकाच लहरीवर दोन केंद्रें बोलूं लागलीं तर ऐकणाराचा रेडिओ दोघांचें मिश्रण ऐकवीत नाहीं. ज्याचा जोर त्या जागीं अधिक त्याचेंच तो ऐकवितो, आणि दुसऱ्याचा आवाज जवळजवळ पुसून टाकतो. ही विद्या सिद्ध करणारा एडविन आर्मस्ट्राँग यानें १९३३ सालीं तिचे हक्क नोंदले, तेव्हां आवाजांतील खरखर नाहींशी करणें हा त्याचा हेतु होता. पण ज्या गुणानें खरखर जाते त्याच गुणानें दुबळा शेजारीहि जातो.

नियम नसले म्हणजे काय होतें, याचा अनुभव अमेरिकेनें घेतलेला आहे. १९२६ सालीं तेथें एका न्यायालयीन निर्णयानें असें ठरलें कीं, कोणीं कोणत्या लहरीवर बोलावें हें ठरविण्याचा अधिकार व्यापारखात्याच्या मंत्र्यास नाहीं. त्यासरशी जो तो आपल्या मनास येईल ती लहर, मनास येईल तितक्या जोरानें वापरूं लागला. कांहीं महिन्यांत अशी स्थिति झाली कीं, पुष्कळ ठिकाणीं बोलणारे सर्व आणि ऐकूं येणारा कोणीच नाहीं. १९२७ सालीं कायदा झाला तो या गोंधळांतून. आपल्याकडील पाटाच्या पाण्याचीच ही गोष्ट आहे. पाळी ठरविली नाहीं तर वरचा शेतकरी सगळें पाणी घेतो, किंवा मारामारी होऊन पाट फुटतो आणि कोणालाच मिळत नाहीं. पाळी ठरविणारा मनुष्य जुलमी नव्हे, तो सर्वांच्या उपयोगाचा आहे.

परंतु याच दृष्टान्तांत पाळी ठरविणाराच्या अधिकाराची मर्यादाहि आहे. पाणी किती वेळ घ्यावें हें त्यानें सांगावें. तुम्ही ऊंस लावतां कीं जोंधळा, सकाळीं देवाला नमस्कार करतां कीं नाहीं, हें विचारण्याचें त्याला कारण नाहीं. जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत जें तत्त्व मांडिलें, आणि जें आपल्याकडे आगरकरांच्या पिढीनें इतक्या उत्साहानें आत्मसात् केलें, तें येथें बरोबर लागू पडतें. दुसऱ्यास इजा होऊं नये एवढ्यापुरताच राज्यसत्तेचा हात चालावा. लहरींच्या बाबतींत इजा म्हणजे दुसऱ्याच्या आवाजावर आपला आवाज चढविणें. ही इजा मोजतां येते. तिला यंत्रें आहेत, अंतरें आहेत, गणित आहे. म्हणून परवाना हा मूळांत वाहतुकीचा नियम आहे. तो वाणीवरील मेहेरबानी झाला कीं त्याचा नैतिक पाया सुटला. माझें सर्व म्हणणें या एका वाक्यांत आहे, आणि तें पारखून पाहण्यासाठीं दोन देशांचा इतिहास थोडा तपशिलानें पाहिला पाहिजे.

पहिला अमेरिकेचाच. तेथें १९४८ सालीं शाळाकॉलेजांसारख्या शिक्षणसंस्थांना अवघ्या दहा वॉटांचीं केंद्रें चालविण्याची मुभा मिळाली. तीस वर्षांनीं, १९७८ सालीं, ती बंद झाली. ही बंदी व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून झाली असती तर आश्चर्य नव्हतें. ती झाली सार्वजनिक नभोवाणीला द्रव्यसाहाय्य करणाऱ्या संस्थेच्या विनंतीवरून. लोककल्याणाचीं मोठीं केंद्रें उभारावयाचीं तर लहानांनीं जागा अडवूं नये, असा तिचा विचार होता. मोठें चांगलें काम करणारास लहान चांगल्या कामाची अडचण वाटते, हा अनुभव आपल्याकडील संस्थांतहि दुर्मिळ नाहीं.

दार बंद झाल्यावर जें व्हावयाचें तें झालें. १९८७ सालीं इलिनॉय संस्थानांतील स्प्रिंगफील्ड शहरीं, गरिबांसाठीं बांधलेल्या सरकारी चाळींत राहणारा एक अंध कृष्णवर्णीय गृहस्थ आपल्या घरांतून एका वॉटाच्या प्रक्षेपकावर बोलूं लागला. त्याचा आवाज त्या वस्तीपलीकडे फारसा जात नव्हता, आणि त्याचा मुख्य विषय पोलिसांची दांडगाई हा होता. त्याला ७५० डॉलर दंड झाला. तो त्यानें भरला नाहीं आणि बोलणेंहि सोडलें नाहीं. पुढें १९९३ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें असेंच एक केंद्र निघालें, आणि त्याच्यावरील खटला इतकी वर्षें चालला कीं सरकारी नियमनमंडळालाहि आपल्या धोरणाचा फेरविचार करणें भाग पडलें. जानेवारी २००० मध्यें मंडळानें शंभर वॉटांच्या मर्यादेंतील, नफा न घेणाऱ्या स्थानिक केंद्रांचा एक नवा वर्ग निर्माण केला.

येथें खरी परीक्षा होती. मोठ्या केंद्रांनीं तक्रार केली कीं, या लहान केंद्रांमुळें आमच्या आवाजांत व्यत्यय येईल. व्यापारी केंद्रांचा संघ आणि सार्वजनिक नभोवाणीची राष्ट्रीय संस्था, एरव्हीं ज्यांचें फारसें जमत नाहीं, तीं दोघें या बाबतींत एका बाजूस उभीं राहिलीं. वाद होता तो एका अंतराविषयीं. मोठ्या केंद्राच्या लहरीपासून तिसऱ्या घरांत, म्हणजे ०.६ मेगाहर्ट्झ अंतरावर, लहान केंद्र बसवितां येईल कीं नाहीं? मंडळाचे तज्ज्ञ म्हणत होते, येईल. डिसेंबर २००० मध्यें तेथील काँग्रेसनें कायदा करून तें घर बंद ठेविलें, आणि स्वतंत्र चौकशीचा हुकूम दिला. त्या घराखेरीज दाट वस्तीच्या शहरांत लहान केंद्रांना जागाच उरत नव्हती. चौकशीचा अहवाल २००३ सालीं आला. त्यांत सांगण्यासारखा व्यत्यय आढळला नाहीं, आणि बंदी उठवावी अशी शिफारस होती. बंदी उठली जानेवारी २०११ मध्यें. प्रश्न विज्ञानाचा होता, उत्तर विज्ञानानें दिलें होतें. तरीहि तें मान्य होण्यास आठ वर्षें लागलीं. शेजाऱ्याला इजा होईल ही सबब योग्य ठिकाणीं धर्म्य आहे. पण तीच सबब आपली मक्तेदारी झांकण्याचें पांघरूण कशी होते, याचें याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाहीं. म्हणून इजेचा दावा करणाऱ्यानें ती सिद्ध करावी, आणि सिद्ध होईपर्यंत दुबळ्याला बोलूं द्यावें, असा दंडक असावयास पाहिजे. व्यवहारांत तो नेहमीं उलटा असतो. बोलूं इच्छिणाऱ्यानेंच आपलें निरुपद्रवीपण सिद्ध करीत वर्षानुवर्षें दारांत उभें राहावें लागतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपल्याकडे बिनतारी लहरींवरील सरकारी सत्तेचें मूळ १८८५ च्या तारकायद्यांत होतें. त्या वेळीं नभोवाणी जन्मासहि आली नव्हती. तार म्हणजे साम्राज्याची नस, आणि ती सरकारच्याच हातीं असावी, ही त्या कायद्याची दृष्टि. पुढें देश स्वतंत्र झाला, घटना झाली, पण ही दृष्टि जवळजवळ तशीच राहिली. त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा २०२३ सालीं झाला. मध्यंतरीं ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एक निकाल दिला. निमित्त होतें क्रिकेटच्या सामन्यांचें दूरदर्शनवरील प्रक्षेपण. न्यायमूर्ति प. बा. सावंत यांनीं मुख्य निकालपत्रांत असें प्रतिपादन केलें कीं, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नसावी आणि खासगी धनिकाचीहि नसावी. तिचें नियमन स्वायत्त अशा सार्वजनिक मंडळानें, सर्वांच्या हितासाठीं करावें. आकाश कोणाचें, या प्रश्नाला आपल्या देशानें दिलेलें हें अधिकृत उत्तर आहे, आणि तें एका मराठी न्यायाधीशाच्या लेखणींतून आलें ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

उत्तर देणें निराळें आणि त्याप्रमाणें वागणें निराळें. हैदराबादहून झहीराबादकडे जातांना मेदक जिल्ह्याचा जो भाग लागे, आणि जो आतां तेलंगणाच्या संगारेड्डी जिल्ह्यांत मोडतो, तेथील माचनूर गांवीं दलित शेतकरी स्त्रियांच्या संघांनीं १९९८ च्या सुमारास एक ध्वनिमुद्रणगृह उभारलें. यंत्रें आलीं, बायका यंत्रें चालविण्यास शिकल्या. पण परवाना नव्हता. तेव्हां त्या आपलीं बोलणीं, आपलीं गाणीं, बियाण्यांविषयींचे आपले अनुभव फितींवर मुद्रित करीत आणि गांवोगांवच्या बैठकींत वाजवून दाखवीत. असें दहा वर्षें चाललें. सरकारनें २००२ सालच्या अखेरीस प्रथम शिक्षणसंस्थांना अशा केंद्रांची मुभा दिली, आणि नोव्हेंबर २००६ मध्यें ती सेवाभावी संस्थांना दिली. १५ ऑक्टोबर २००८ रोजीं या स्त्रियांचें केंद्र आकाशांत बोलूं लागलें. त्याचें उद्घाटन न्यायमूर्ति सावंतांनींच केलें. लहरी लोकांच्या आहेत असें सांगणारा निकाल १९९५ चा, आणि त्या लोकांपैकीं अगदीं तळच्या लोकांचा आवाज निघाला तो २००८ मध्यें. त्याच वर्षीं आपल्या सातारा जिल्ह्यांत, माण तालुक्यांतील म्हसवड येथें, कायम दुष्काळाच्या त्या मुलखांत स्त्रियांच्याच पुढाकारानें 'माणदेशी तरंग' हें केंद्र सुरू झालें. आज अशीं केंद्रें देशांत पांचशेंच्या घरांत आहेत. आपल्या देशांत खेडीं सहा लक्षांहून अधिक आहेत, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आकड्याचें समाधान मानण्याचें कारण उरत नाहीं.

या केंद्रांवरील अटी पाहिल्या तर त्या दोन जातींच्या आहेत असें दिसतें. प्रक्षेपणाची शक्ति शंभर वॉटपर्यंत, खांबाची उंची तीस मीटरपर्यंत, या अटी पाटाच्या पाण्याच्या पाळीसारख्या आहेत; त्यांविषयीं कोणा समंजस मनुष्याची तक्रार असणार नाहीं. दुसऱ्या जातीची मुख्य अट अशी कीं, या केंद्रांनीं वार्ता आणि चालू घडामोडी यांविषयीं कांहीं बोलावयाचें नाहीं. आकाशवाणीचीं वार्तापत्रें जशींच्या तशीं पुन्हां ऐकविण्याची मोकळीक आहे. स्वतःच्या वार्ता सांगण्याची नाहीं. हवामान, उत्सव, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या जागा, वीज आणि पाणी यांसंबंधीं सूचना, यांना वार्ता समजूं नये, अशी सवलत आहे. ही सवलत वाचतांना प्रथम मन जरा निवतें. पण थोडा विचार केला तर तिच्यांतला विपर्यास ध्यानांत येतो. उद्यां गांवांत पाणी येणार नाहीं, असें केंद्रावरून सांगतां येईल. पाणी कां येणार नाहीं, नळाचे पैसे कोणीं खर्च केले, आणि शेजारच्या वाडीला तें रोज कसें मिळतें, असें विचारूं लागतांच तें बोलणें चालू घडामोडींच्या हद्दींत जातें. म्हणजे संकट सांगण्याची मुभा आहे, संकटाचें कारण शोधण्याची नाहीं. ज्या ठिकाणीं मनुष्य नागरिक होतो तेथेंच कुंपण घातलें आहे.

शहरांतील व्यापारी एफ्. एम्. केंद्रांवरहि अशीच बंदी आहे, हें खरें. परंतु शहरांतील मनुष्याला दहा वर्तमानपत्रें आहेत आणि दिवसरात्र बातम्या सांगणाऱ्या शेंकडों दूरदर्शनवाहिन्या आहेत. त्या सर्वांना वार्ता सांगण्याची मुभा आहे, आणि त्यांचा आवाज सबंध देशभर जातो. ज्याचा आवाज पांच मैल जातो त्याच्यामुळें मात्र राष्ट्राची सुरक्षितता धोक्यांत येते! १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या सरकारनें देशी भाषांतील वृत्तपत्रांवर जामिनाचा कायदा लादला आणि इंग्रजी वृत्तपत्रांना त्यांतून वगळलें. निबंधमालेच्या त्या काळांत आपल्या लोकांना त्याचा जो संताप आला तो नुसत्या बंधनाचा नव्हता; बंधन कोणाच्या तोंडाला घातलें आहे याचा होता. तो कायदा १८८२ सालीं रद्द झाला. त्यांतील वृत्ति मात्र सहजासहजीं रद्द होत नाहीं. लोकांच्या बोलींत, लोकांच्या जवळ जाऊन बोललेलें राज्यकर्त्यांना नेहमींच अधिक भयप्रद वाटत आलें आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, भय अगदींच निराधार नाहीं. रुआंडा देशांत १९९३ सालीं निघालेल्या एका नभोवाणीकेंद्रानें १९९४ मधील भीषण नरसंहारास चिथावणी दिली, आणि आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानें २००३ सालीं त्या केंद्राच्या प्रवर्तकांना दोषी ठरविलें, हें विसरतां येणार नाहीं. मीहि तें विसरूं म्हणत नाहीं. पण त्या उदाहरणावरून काय सिद्ध होतें तें नीट पाहिलें पाहिजे. तें केंद्र चोरून चाललेलें नव्हतें. त्याला सरकारची मान्यता होती आणि सत्ताधाऱ्यांचा आधार होता. परवाना दिल्यानें वाणी शुद्ध होत नाहीं. आणि ज्या सत्तेच्या हातीं परवाना आहे ती स्वतःच बिघडली तर परवाना हेंच विषाचें साधन होतें. चिथावणी, बदनामी, हिंसेची हांक, यांसाठीं सर्वांना लागू असणारे कायदे आहेत. ते बोलणाराला बोलल्यानंतर जबाबदार धरतात. बोलण्यापूर्वींच सरसकट तोंड बांधणें ही निराळी गोष्ट आहे. शिवाय पांच मैलांत बोलणारा मनुष्य ज्यांच्याविषयीं बोलतो त्यांना तो दुसऱ्या दिवशीं बाजारांत भेटतो. दूरच्या राजधानींत बसून कोट्यवधि लोकांशीं बोलणाराला ही भीड नसते.

परंतु माझ्या मतावर याहून बळकट असा एक आक्षेप आहे, आणि तो सरकारी अधिकाऱ्यांच्या तोंडून फारसा ऐकूं येत नाहीं. तो असा कीं, गांव म्हणजे कांहीं प्रेमळ माणसांचें कुटुंब नव्हे. गांवांत वाडा आहे आणि वेशीबाहेरची वस्तीहि आहे. प्रक्षेपक ठेवण्यास पक्की खोली लागते, वीज लागते, सवड लागते. आणि या तिन्ही गोष्टी ज्याच्या घरीं आहेत त्याच्याच घरीं तो सहसा जाईल. मग ज्याचा शब्द चावडींत चालतो त्याचाच शब्द घरोघर शिरेल. एफ्. एम्. लहरीचा जो गुण वर सांगितला तोच समाजाचाहि आहे. जोरकस आवाज दुबळ्या आवाजाला नुसता मागें टाकीत नाहीं, पुसून टाकतो. जवळीक ही जबाबदारी उत्पन्न करते हें खरें, पण ती दडपणहि उत्पन्न करते. ज्या बाईला शेजाऱ्याचाच जाच आहे तिला शेजाऱ्याची नभोवाणी मिळून काय लाभ?

या आक्षेपाला मीं कितीहि उत्तर दिलें तरी तो पूर्णपणें मिटत नाहीं, आणि मिटवूंहि नये. त्यानें एवढें शिकविलें पाहिजे कीं, सरकारनें लहरी वांटून देऊन हात झाडून मोकळें होणें पुरेसें नाहीं. केंद्र एका घराची मिरास होऊं नये; त्याचा कारभार आणि हिशेब उघडा असावा; त्यावरील निदान अर्धे कार्यक्रम त्या टापूंतल्याच लोकांनीं केलेले असावे; आणि एका लहरीवर दोघांचा सारखाच हक्क पोंचत असेल तर त्यांनीं वेळ वांटून घ्यावा. यांपैकीं बऱ्याच गोष्टी आपल्या नियमांत आहेत. वेळ वांटून घेण्याची पद्धत अमेरिकेच्या नियमांत आहे. हेहि नियमच आहेत, पण यांची जात निराळी आहे. ते बोलण्याचें दार रुंद करतात. काय बोलावें हें सांगत नाहींत. माचनूरच्या केंद्राचें महत्त्व याच कारणानें आहे. तेथें गांवाला आवाज मिळाला एवढेंच नव्हे, तर गांवांत ज्यांना आवाज नव्हता त्यांना तो मिळाला. तेव्हां नियमन असावें कीं नसावें, असा हा वाद नाहीं. दुबळ्याचें बोलणें ऐकूं यावें म्हणून नियमन असावें, कीं सबळाची झोंप मोडूं नये म्हणून, असा तो आहे.

तरीहि दार रुंद करणाऱ्या नियमांनाहि कोणी तरी बाहेर राहतोच. बिहारमधील वैशाली जिल्ह्यांत एका गरीब तरुणानें अवघ्या पन्नासएक रुपयांच्या सामानांत एक प्रक्षेपक तयार केला, आणि त्यावरून तो आसपासच्या खेड्यांना गाणीं आणि उपयोगाच्या चार गोष्टी ऐकवीत असे. परवाना लागतो हें त्याला माहीतहि नव्हतें. मार्च २००६ मध्यें सरकारनें तें केंद्र बंद केलें. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत नवें धोरण आलें. पण त्यांतहि व्यक्तीला जागा नाहीं, नोंदणी झालेल्या आणि कांहीं वर्षें काम केलेल्या संस्थेलाच आहे. यामागील हेतु, म्हणजे केंद्र एका माणसाच्या मालकीचें होऊं नये हा, मीं वर मान्य केलाच आहे. पण ज्यानें स्वतःच्या बुद्धीनें आणि कष्टानें शेजाऱ्यांची सेवा केली त्याला गुन्हेगारांच्या रांगेंत उभें करणारा नियम जसाच्या तसा योग्य म्हणवत नाहीं. अशा माणसाला संस्थेशीं जोडून देण्याचें काम सरकारनें करावयास हवें होतें. तें केवळ कुलूप लावण्याहून कठीण होतें एवढेंच.

परवान्यावांचून बोलणें हें नेहमींच पाप असतें काय, याचें उत्तर देण्यास आपल्याला दूर जावें लागत नाहीं. ऑगस्ट १९४२ मध्यें मुंबईंत उषा मेहता आणि त्यांचे सोबती यांनीं काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांच्या भीतीनें जागा बदलीत ते रोज बोलत, आणि नोव्हेंबरांत ते पकडले गेले. त्या वेळच्या कायद्यानें तो गुन्हा होता, आणि उषाबाईंनीं त्यासाठीं कारावास भोगला. आज त्याला गुन्हा म्हणणारा मनुष्य आपल्या देशांत सांपडणार नाहीं. अर्थात् परकी सत्तेविरुद्धचा तो लढा आणि स्वतंत्र देशांतील परवान्याचा प्रश्न यांत मोठें अंतर आहे. जेथें न्यायालयें आहेत, निवडणुका आहेत, अर्ज करण्याची वाट आहे, तेथें कायदा मोडण्याचा सल्ला मी देणार नाहीं. पण ती वाट खरोखर चालण्याजोगी ठेवणें हें सरकारचें कर्तव्य आहे. परवाना मिळण्यास वर्षानुवर्षें लागत असतील, तर कायद्याच्या आदराची हानि अर्जदार करीत नाहीं.

आजच्या काळांत ज्याच्या त्याच्या हातांत भ्रमणध्वनि असतां या जुन्या साधनाचा घोळ कशाला, असेंहि कोणी विचारील. त्याला उत्तर थोडक्यांत देतां येईल. रेडिओ ऐकणाराला आपलें नांव सांगावें लागत नाहीं, अक्षरओळख लागत नाहीं, महिन्याचे पैसे भरावे लागत नाहींत, आणि तो काय ऐकतो याची नोंद कोणाच्याहि वहींत होत नाहीं. संकटाच्या वेळीं तर फरक अधिकच दिसतो. २००५ सालीं कॅट्रिना वादळानें अमेरिकेचा दक्षिण किनारा उद्ध्वस्त केला, तेव्हां मिसिसिपी संस्थानांतील हॅनकॉक परगण्यांत एक असें अल्पशक्तीचें केंद्र चालूं राहिलें, आणि अन्न व पाणी कोठें मिळेल हें लोकांना त्याच्यावरून समजलें. जपाननेंहि १९९२ पासून एका वॉटाचीं स्थानिक केंद्रें मान्य केलीं. १९९५ च्या कोबे येथील भूकंपानंतर तीं किती उपयोगाचीं आहेत हें सर्वांना पटलें, आणि त्यांची शक्ति वाढविण्यांत आली.

तात्पर्य, लहरींच्या नियमनाला तीन कसोट्या लावाव्या. नियम दुसऱ्याच्या आवाजाचें रक्षण करतो काय, हें यंत्रानें मोजून दाखवितां आलें पाहिजे. एकाच्या हातीं सर्व आवाज जाऊं नये एवढ्यासाठीं तो असेल, तर त्यानें बोलणारांची संख्या वाढली पाहिजे. आणि बोललेल्या गोष्टीबद्दल तो असेल, तर तो मोठ्यालहानांस सारखाच लागू असला पाहिजे. वार्तांवरील बंदी यांपैकीं एकाहि कसोटीस उतरत नाहीं. न्यायमूर्ति सावंतांच्या निकालांत जें स्वायत्त मंडळ सांगितलें होतें तें परवान्यांच्या कामीं अद्यापि अस्तित्वांत आलेलें नाहीं. परवाने आजहि मंत्रालयच देतें. तें मंडळ निर्माण व्हावें आणि ही बंदी उठावी, या दोन मागण्या कोणत्याहि पक्षाच्या नाहींत; त्या नागरिकांच्या आहेत. सुशिक्षितांनीं त्या आपल्या मानाव्या हें अधिक उचित आहे, कारण आपल्याला बोलण्यास वृत्तपत्रें आणि मासिकें आहेत, आणि ज्यांना तीं नाहींत त्यांच्या वतीनें एवढें तरी आपण बोलूं शकतों. लहरी लोकांच्या आहेत, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें त्याला तीस वर्षें होऊन गेलीं. माण तालुक्यांतील शेतकरीण आपल्या केंद्रावरून पाणी कधीं येणार हें सांगते. तें कां आलें नाहीं, हेंहि तिला विचारतां यावें.